न खोडता रचणे : भोर-वेल्ह्यातील जात्यावरची ओवी आणि संगणकीय खर्डा

लेखनात रचना आणि दुरुस्ती या दोन क्रिया एकाच वेळी चालू राहिल्यास दुसरीच्या धाकाने पहिली खुंटते, हा विचार पीटर एल्बो यांनी ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या ग्रंथात मांडला. काही मिनिटे हात न थांबवता, मागे न पाहता लिहीत राहावे, हा त्यांनी सुचविलेला उपाय होय. पुढे संगणकीय साधनांनी तो यंत्रातच बसविला. ‘राइटरूम’ने (२००६) पडद्यावर केवळ मजकूर शिल्लक ठेवला, ‘द मोस्ट डेंजरस रायटिंग ॲप’मध्ये (२०१६) लेखक काही सेकंद थांबला तर लिहिलेले सर्व नाहीसे होते. दुरुस्तीची वाट बंद केल्याने रचना खरोखर सुलभ होते काय, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. मराठीत त्याची कसोटी जात्यावरच्या ओवीत सापडते.

भोर व वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुके. नाचणी, वरी, तांदूळ यांचे पीठ येथे पिढ्यान्‌पिढ्या घरच्या जात्यावर निघत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यापासून ज्या ओव्यांचे संकलन सुरू झाले, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून प्रसिद्ध होऊ लागल्या.

ओवीची रचना जात्याच्या गतीशी बांधलेली असते. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने दाणे वैरायचे. गाणारीला थांबून शब्द बदलण्यास सवड नाही. तरीही ती अडत नाही, याची कारणे रचनेतच आहेत. चरणाचा अर्धा भाग पुन्हा म्हटला जातो, तेवढ्यात पुढचा भाग जुळतो. ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ ही संबोधने लय सांभाळतात आणि विचाराला क्षणभर अवधी देतात. सासर-माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, पंढरीची वाट हे विषय परिचित असतात. त्यांचे साचे कानात मुरलेले असतात. आळंदीच्या जागी जेजुरी किंवा भावाच्या जागी लेक आला, तरी चरण मोडत नाही.

पुष्कळशा ओव्या परंपरेने आलेल्या असतात, त्यांना उत्स्फूर्त रचना कसे म्हणावे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु परंपरा आणि रचना यांची फारकत येथे करता येत नाही. आईकडून आलेल्या साच्यात गाणारी स्वतःचे दुःख घालते, तेव्हा ती नवीनच ओवी रचीत असते. एकच आशय गावोगावी निरनिराळ्या शब्दांत आढळतो, त्याचे कारणही हेच. दुरुस्ती येथे नाहीशी झालेली नसून पुढे ढकललेली असते. आजचा ढिला चरण उद्या पहाटे, किंवा दुसऱ्या गळ्यातून, अधिक नेटका होऊन येतो.

संगणकीय साधने व ओवी यांतील भेद या ठिकाणी स्पष्ट होतो. साधन मागे फिरण्यास मनाई करते, पण पुढे जाण्यास आधार देत नाही. ज्याच्याजवळ विषय, शब्द व वाक्यांचे साचे यांचा साठा आहे, त्याला ती मनाई उपकारक ठरेल. ज्याच्याजवळ तो नाही, त्याच्या वाट्याला केवळ धास्ती येईल. म्हणून विद्यार्थ्यास न थांबता लिहावयास सांगण्यापूर्वी त्याच्या कानात भाषा साठविणे, आणि लिहिल्यावर तोच विषय पुन्हा लिहिण्याची संधी देणे, ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.

याच विवेचनातून ओव्यांच्या संपादनाविषयीही एक निष्कर्ष निघतो. पिठाची गिरणी गावात पोचल्यावर जाते मागे पडले आणि ओवी रचली जाण्याचा नित्याचा प्रसंग संपला. आता ती मुख्यतः ध्वनिमुद्रणांत आणि कागदावर उरली आहे. कागदावर उतरविताना पुनरुक्ती व संबोधने ‘भरतीची’ समजून गाळली, तर चरण नेटके दिसतात. परंतु गाणारीने न थांबता रचना कशी साधली, याचा पुरावाच त्यामुळे पुसला जातो. छापील संहितेबरोबर गायलेली संहिताही संपादकाने द्यावी, हे म्हणूनच आवश्यक आहे.