रोझेलची मावशी

आनंदीबाई जोशी यांची डॉक्टरकी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागील पत्रव्यवहाराकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या असता वाचले आणि पंधरा वर्षांच्या अनोळखी मुलीला पत्र धाडले. मग धर्म, बालविवाह, स्त्रियांची स्थिती असे विषय निघत गेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. (इंग्रजीत इतके मोकळे लिहावयास आमच्यापैकी किती जण धजतील?)

तरीही पत्रातून मते कळतात, हवा कळत नाही, असे मला वाटते. आमच्या मावळात भातलावणीच्या चिखलात कासोट्याचे लुगडे सोयीचे, कारण पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या थंडीत नेमकी तीच अडचण झाली. १८८३ साली तेथे गेलेल्या आनंदीबाई पुढे गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाही.

१८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.