नागपूरचे पूर्वज, मद्रासचे कागद

घराण्याचा इतिहास लिहायला निघालेल्या नागपूरकराला मी आधी एकच प्रश्न विचारते: तुमच्या खापरपणजोबांचा पगार कुठून यायचा? माणूस नुसता बघत राहतो. त्याला तारीख हवी असते, जन्मगाव हवं असतं, जमल्यास एखादी तलवार हवी असते. पगाराचं काय मध्येच?

घर नागपूरच्या सदर भागात, चर्च सदरला, शाळा सदरला, म्हणजे कागदही इथेच असणार, नाहीतर फार तर मुंबईला. हे गृहीत धरलं की पुढचं सगळं घसरतं. आमच्या घरात ते घसरलेलं मी पाहिलंय. माझे मामा निवृत्तीनंतर वंशावळीच्या मागे लागले. मेहनती माणूस, इंटरनेटवरच्या नोंदी चाळून त्यांनी एक देखणी पुस्तिका छापली आणि घरातल्या एका लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला सगळ्यांना वाटली. पहिल्याच पानावर मूळ पुरुष: रघूजी भोसल्यांच्या पदरी असलेला फ्रेंच अंमलदार. आधार काय, तर आजीचं बोलणं. दुसऱ्या पानावर त्याचा नातू अँथनी, बापाचं नाव जोसेफ, बाप्तिस्म्याची तारीख मुंबई इलाख्याच्या नोंदीतून उचललेली. आपण महाराष्ट्रात, म्हणून मामांनी शोध मुंबईपुरताच ठेवला होता.

पण नागपूर मुंबईला जोडलं गेलं ते थेट 1956 साली. इंग्रजांनी संस्थान खालसा केलं 1854 मध्ये, मध्य प्रांत केला 1861 मध्ये, आणि या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून इथे जी कंपनीची फौज होती तिच्यात मोठा भरणा मद्रासच्या पलटणींचा. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याशी लढल्या त्यांत मद्रासच्या 20 व्या आणि 24 व्या पलटणी होत्या. 1821 साली कामठीची छावणी वसली तीही मद्रासच्या फौजेसाठी. कामठीत आजही जुनी तेलुगू-तमिळ घरं सापडतात ती उगाच नाहीत. या देशी पलटणींत शिपाई हिंदू-मुसलमान असत, पण ढोल आणि बासरीवाले, म्हणजे ड्रमर आणि फायफर, पुष्कळदा ख्रिस्ती आणि मिश्र वंशाचे. आमचा जोसेफ त्यांतलाच एक निघाला. त्याचा पगार मद्रासचा, म्हणून त्याच्या पोरांचे बाप्तिस्मेही मद्रासच्या खात्यात.

हे खातं कसं चालायचं ते नीट समजून घ्या. मूळ रजिस्टर चर्चमध्ये राही. त्याची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणी जाई आणि तिथून आणखी एक नक्कल लंडनला. त्या नकला आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत: बंगालच्या ‘एन 1’, मद्रासच्या ‘एन 2’, मुंबईच्या ‘एन 3’. बऱ्याचशा स्कॅन होऊन ऑनलाइन आल्या आहेत. नकलेची नक्कल असल्यामुळे चुका भरपूर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कामठी कधी ‘के’ने सुरू होते, कधी ‘सी’ने. दोन्ही घालून पाहा. आणि या नकला प्रामुख्याने युरोपीय व मिश्र वंशाच्या लोकांच्या; देशी ख्रिस्ती माणूस त्यांत क्वचितच भेटेल.

कॅथलिक असाल तर वाट आणखी वळते. आमचं सदरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स चर्च ज्यांच्या परंपरेतलं, ते सव्हॉय प्रांतातल्या आन्सीचे मिशनरी 1845 साली हिंदुस्थानात उतरले ते पूर्व किनाऱ्यावर. नागपूर-कामठी मग विशाखापट्टणमच्या व्हिकारिएटखाली, म्हणजे तिथल्या मिशनरी बिशपच्या अधिकाराखाली, होतं. नागपूरला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला 1887 मध्ये. अँग्लिकन मंडळींनी 1861 नंतरचं कलकत्त्याकडेही पाहावं. बिशप कॉटन, ज्यांच्या नावाची शाळा सदरमध्ये 1863 पासून आहे, ते कलकत्त्याचे बिशप होते. अँग्लिकन नागपूर धर्मप्रांत 1903 चा.

आता बाप्तिस्म्याची नोंदच पाहू. कॅथलिक रजिस्टर लॅटिनमध्ये असतं: जोसेफचा योसेफुस होतो, अँथनीचा अँतोनियुस. बहुतेक जण मुलाचं नाव, बापाचं नाव आणि तारीख टिपतात नि पान उलटतात. तसं करू नका. आईचं नाव पाहा, बापाचा हुद्दा आणि पलटणीचा नंबर पाहा, आणि शेवटी धर्मपिता-धर्ममाता कोण ते पाहा. मामांच्या मुंबईवाल्या अँथनीची आई वेगळीच होती, आणि त्याच्या बापाचा कामठीशी काडीचा संबंध नव्हता. आमच्या अँथनीचा धर्मपिता जोसेफच्याच पलटणीतला दुसरा ड्रमर, आणि तोच माणूस पुढे अँथनीच्या लग्नाला साक्षीदार. जोसेफ आणि अँथनी ही नावं छावणीत मुबलक. अशा वेळी नावापेक्षा शेजार जास्त खरं बोलतो.

पलटणी दर काही वर्षांनी हलत. पहिलं मूल कामठीत, दुसरं सिकंदराबादेत, तिसरं ब्रह्मदेशात मौलमीनला, असं सहज घडे. तेव्हा पलटणीचा माग काढा, कुटुंब मागोमाग येतंच.

फ्रेंच अंमलदाराचं काय? माझा अंदाज असा की आन्सीचे पाद्री फ्रेंच बोलत, घरात कुणीतरी ‘आपले फ्रेंच फादर’ म्हणत असणार, आणि दोन पिढ्यांत फादरचे पूर्वज झाले. मामांना हे पटवणं सोपं नव्हतं. ‘अगं, आयुष्यभर जे सांगितलं ते खोटं म्हणतेस?’ मी म्हटलं, ‘मामा, आजी खोटं नाही बोलली, आपण चुकीच्या कप्प्यात ठेवलं.’ दोन दिवस ते बोलले नाहीत.

खऱ्या फ्रेंच घराण्यांचा शोध घेणाऱ्यांकडे कधी कधी हेव्याने पाहते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आकाडी नावाची फ्रेंच वसाहत होती. तिथे 1671 साली एका पाद्र्याने दारोदार जाऊन कुटुंबवार नावं, वयं, गुरं, जमिनी लिहून घेतल्या. एका शिंप्याने काहीही सांगायला साफ नकार दिला, तर तो नकारही लिहून ठेवला! आपल्याकडे इंग्रजांच्या जनगणनांचे तक्ते छापले गेले, पण घरोघरच्या नावांचे मूळ कागद राखलेच नाहीत. त्यामुळे ‘1881 च्या जनगणनेत पणजोबा शोधून देतो’ असं म्हणून कुणी पैसे मागितले तर दाराबाहेरूनच नमस्कार करा. तिकडे आकाडीच्या लोकांना इंग्रजांनी 1755 पासून देशोधडीला लावलं, तेव्हा ग्रँ-प्रे गावच्या लोकांनी चर्चची रजिस्टरं सोबत नेली. आज ती अमेरिकेत लुइझियानात आहेत. तिथेही गाव एकीकडे, कागद दुसरीकडे.

ख्रिस्ती नसलेल्या घरांनी बाप्तिस्मे शोधू नयेत हे उघड आहे, पण पगाराचा प्रश्न त्यांनाही लागू. भोसल्यांचा पगार असेल तर मोडी शिकावी लागेल. शेतीवाल्यांनी मिसल बंदोबस्त आणि कोतवाल बुक पाहावं. जातपडताळणीच्या निमित्ताने विदर्भात ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. रेसिडेन्सीशी संबंध असेल तर डॉ. ह. ना. सिन्हा यांनी संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे खंड चाळा. थडग्यांवरच्या लेखांची क्रॉफ्टन यांची 1932 ची यादी कामठीसाठी फार उपयोगी. दगड झिजले, पण यादीत मजकूर शाबूत आहे. मध्य प्रांताच्या सचिवालयाचे कागद 1956 नंतर वाटले गेले, काही भोपाळला आहेत. आणि सदरमध्ये जागा नझूलची असेल तर भाडेपट्ट्याचे फेरफार मागा. वारस चढवताना लोक सगळ्या बहिणींची नावं लिहितात, जी वंशावळीत कुणी लिहीत नाही.

पर्थला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मामांची जुनी पुस्तिका जशीच्या तशी ऑनलाइन वंशावळीत चढवली होती. तिने दुरुस्त केली. पण तोवर त्या वंशावळीवरून आणखी काहींनी उतरवून घेतलं होतं, आणि त्यांच्या झाडांवर तो फ्रेंच अंमलदार अजून ठाण मांडून आहे. मी एकेकाला पत्र लिहिते, सोबत कामठीच्या नोंदीचं चित्र जोडते. उत्तरं येतात, नाही येत. मामा मात्र आता स्वतःच पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतायत आणि मला फोन करून विचारतात, ‘ड्रमरच्या बायकोचं माहेर कुठलं, ते लागलं का?’ अजून नाही लागलं; सिकंदराबादची लग्नाची नोंद पाहायची राहिली आहे.