टिपणें आणि उजळणी

वार्षिक परीक्षा जवळ येऊं लागली म्हणजे घरोघरीं एकच धांदल दिसते. कोणी गाइडें विकत घेतो, कोणी क्लासांतील छापील टिपणांच्या छायाप्रती मिळवितो, आणि ज्यास हा खर्च झेपत नाहीं तो मनांतल्या मनांत खिन्न होतो. अकरावी-बारावीचे विषय खोल व पुस्तकें जाड. तेव्हां तयार साधनांचा मोह पडावा हें साहजिक आहे. परंतु आमचें सांगणें असें कीं, टिपण कोणीं केलें आणि तें मिटून ठेवल्यावर काय केलें, या दोन गोष्टींवर त्याची किंमत ठरते. हें नीट उमगलें तर गरिबाच्या मुलास श्रीमंताच्या मुलाचा हेवा करण्याचें कारण उरणार नाहीं.

प्रथम विस्मृतीचा विचार करूं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यानें निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या व कांहीं काळानें त्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात हें मोजलें. हे प्रयोग त्यानें १८८५ सालीं प्रसिद्ध केले. एका तासानें पुन्हां पाठ करतांना मूळच्या श्रमांपैकीं सुमारें ४४ टक्के वांचले, एका दिवसानें ३४ टक्के आणि ३१ दिवसांनीं २१ टक्के. अर्थपूर्ण धडा याहून अधिक टिकतो हें खरें. तथापि विसरण्याचा वेग आरंभींच अधिक असतो, हा बोध त्यांतून घ्यावयाचा. म्हणून पहिली उजळणी परीक्षेच्या महिन्यांत नव्हे, तर दुसऱ्याच दिवशीं व्हावयास पाहिजे.

आतां उजळणी कशी करावी? पुष्कळ विद्यार्थी तेंच पान पुनःपुन्हां वाचतात. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें उद्बोधक आहे. एका गटानें एक उतारा चार वेळां अभ्यासिला. दुसऱ्यानें तो एकदां अभ्यासून, पुढें तीन वेळां न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनंतर पहिल्या गटास सुमारें ८३ टक्के व दुसऱ्यास ७१ टक्के मजकूर आठवला. परंतु आठवड्यानंतर पहिल्याकडे ४० टक्के उरला आणि दुसऱ्याकडे ६१ टक्के! आपणांस चांगलें आठवेल असा भरंवसा मात्र पहिल्या गटासच अधिक होता. वाचतांना ओळखीचें वाटणें निराळें आणि कोऱ्या कागदावर लिहितां येणें निराळें. परीक्षागृहांत दुसरेंच कामास येतें.

यास अनुकूल अशी टिपणाची एक रीत सांगतों. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनीं ती आपल्या १९६२ सालच्या पुस्तकांत मांडली. वहीच्या पानावर उभी रेघ मारावी. डावा भाग अरुंद, उजवा रुंद, आणि तळाशीं चार बोटें जागा मोकळी. उजवीकडे धड्याचें सार स्वतःच्या शब्दांत लिहावें, डावीकडे त्यावरील प्रश्न, तळाशीं दोन ओळींत निष्कर्ष.

पदार्थविज्ञानांतील कूलंबचा नियम घेऊं. उजवीकडे लिहावें: दोन स्थिर बिंदुप्रभारांमधील बल त्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणांत व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. डावीकडे तीन प्रश्न: अंतर दुप्पट केल्यास बल किती होईल? दोन्ही प्रभार दुप्पट व अंतरही दुप्पट केल्यास? न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाशीं याचें साम्य कोठें व भेद कोठें? मग उजवा भाग झांकून उत्तरें द्यावीं. पहिल्याचें उत्तर एक चतुर्थांश, दुसऱ्याचें पूर्वीइतकेंच. तिसऱ्याचें असें कीं, दोहोंतही अंतराचा वर्ग येतो. परंतु गुरुत्व केवळ आकर्षण करतें, तर सजातीय प्रभार एकमेकांस दूर लोटतात. नुसतें सूत्र घोकणारा या तिसऱ्या प्रश्नाशीं अडखळतो.

इतिहासांतही तेंच. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली, एवढें टिपून भागत नाहीं. मराठ्यांची रसद कां तुटली? पुढें १७७१ सालीं दिल्लींत त्यांचें वर्चस्व पुन्हां कसें बसलें? असे प्रश्न डावीकडे हवेत. गणितांत मात्र सोडविलेलें उदाहरण मिटून, तें कोऱ्या पानावर आरंभापासून स्वतः सोडवावें.

झांकून उत्तरें देण्याचा हा क्रम दुसऱ्या दिवशीं, चवथ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें करावा. जें चुकेल त्यापुढें खूण करून तें उद्यांच्या यादींत घालावें. जें सहज येईल त्यास थोडी विश्रांति द्यावी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर प्रश्न लिहून त्यांचा जुडगा केला तरी काम भागतें. खर्च कांहींच नाहीं.

पालकांस एक विनंति. नवें गाइड आणून देण्यापेक्षां रोज पाव तास मुलाची वही हातांत घ्यावी व डावीकडील प्रश्न त्यास विचारावे. उत्तर समजण्याइतकें आपलें शिक्षण झालेलें नसलें तरी चालेल. उजवीकडे तें लिहिलेलेंच असतें. आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलास जागवूं नये. झोंपेंत स्मृति दृढ होते, हें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला शुभवर्तमानांत आहे. त्यानें वचनें ऐकलीं होतीं, पण त्यांप्रमाणें आचरण केलें नव्हतें. दुसऱ्याचीं टिपणें केवळ वाचणाऱ्या विद्यार्थ्याची गत याहून निराळी नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आज शिकलेला एक धडा घ्या, पुस्तक मिटा, आणि काय उरलें आहे तें कोऱ्या कागदावर लिहून पाहा. कागद अर्धा कोरा राहिला तर खिन्न होऊं नका. उद्यां कोठून आरंभ करावयाचा तें त्या कोऱ्या जागेनेंच तुम्हांस दाखविलें आहे.