मोटारीस नॉक-सूचक यंत्र बसवावे काय?

भाजीपाला बाजारास नेण्याकरिता जुनी पेट्रोलची जीप किंवा मोटार बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंकडून अलीकडे वरील प्रश्न विचारला जातो. इंजिन ठोके देऊ लागताच चालकासमोरील लाल दिवा लावून सूचना देणारे हे यंत्र आहे. ते घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्यापूर्वी ठोका कशामुळे येतो ते पाहू.

सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत जावे लागते. परंतु उष्णता व दाब फार वाढल्यास ज्वाला पोहोचण्याच्या आतच उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेते. त्या धक्क्याने धातूवर टकटक असा आवाज उमटतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, भरल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला असता तो स्पष्ट ऐकू येतो. असे ठोके दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा झिजतो, प्रसंगी त्यास भोक पडते. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे या आपोआप पेटण्यास विरोध करण्याची त्याची शक्ती होय. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाल्यास ती घटते. उसापासून बनणाऱ्या इथेनॉलच्या मिश्रणाने ती वाढते.

यंत्राचा संवेदक इंजिनाच्या ठोकळ्यावर बसवितात. सामान्य मोटारीतील ठोक्याचे कंपन सेकंदास सुमारे ६ ते ७ हजार असते. तेवढ्याच कंपनास तो प्रतिसाद देतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण येथेच माझी स्वतःची चूक झाली.

आमच्या विभागातील एका टोमॅटो बागायतदाराने जुन्या जीपला हे यंत्र बसवून घेतले होते. पुढे इंजिनातून खोल, जड असा धप्‌धप् आवाज येऊ लागला. त्यांनी मला विचारले. मी गाडी चालवून पाहिली व दिवा लागत नाही म्हणून निश्चिंत राहण्यास सांगितले. आठवड्याच्या आत, माल तोडणीस आला असताना, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले व क्रँकशाफ्टही खराब झाली. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज या यंत्राच्या कक्षेत येतच नाही! त्याच पैशात तेलाच्या दाबाचे मापक बसविले असते, तर घसरता दाब दिसून इंजिन वाचण्याचा संभव होता.

शिवाय त्या जीपला यंत्राची गरजही नव्हती. जुन्या विलिस जीपच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर सुमारे साडेसहास एक इतके कमी असते. ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ती सहसा ठोके देत नाही. देत असल्यास डिस्ट्रिब्यूटरचे टायमिंग पुढे गेले आहे काय, ज्वलनकक्षात कार्बन साचला आहे काय, क्षारयुक्त पाण्याने रेडिएटर तुंबला आहे काय, हे प्रथम तपासावे. टायमिंग थोडे मागे घेतल्याने बहुधा काम भागते. मात्र फार मागे घेऊ नये. शक्ती घटते, पेट्रोल अधिक लागते आणि इंजिन तापते.

इंजेक्शन पद्धतीच्या नव्या मोटारींत असा संवेदक बहुतेक कारखान्यातूनच बसविलेला असतो व ठोका येताच टायमिंग आपोआप मागे घेतले जाते. तेथे दुसरे यंत्र लावणे व्यर्थ. डिझेल ट्रॅक्टरचा तर प्रश्नच निराळा. डिझेलचा ठोका इंधन पेटण्यास विलंब झाल्याने येतो, म्हणून त्याची चिकित्सा पिचकारीपासून करावी.

यंत्र खरोखर उपयोगी पडते ते एकाच ठिकाणी, असे माझे मत आहे. कार्ब्युरेटरचे, अधिक संपीडनाचे इंजिन असेल आणि ते वेगाने व ओझ्याने चालवावे लागत असेल, तर वाऱ्याच्या व रस्त्याच्या गोंगाटात ठोका कानास ऐकू येत नाही. अशा मालकाने ते अवश्य घ्यावे. संवेदक पत्र्यावर किंवा ब्रॅकेटवर न लावता ठोकळ्याच्या मध्यभागी, स्वच्छ पृष्ठभागावर घट्ट बसवावा. त्याची तार प्लगच्या तारांपासून दूर न्यावी, अन्यथा ठिणगीमुळेच दिवा लुकलुकेल. दिवा लागताच ॲक्सिलरेटर सैल सोडून खालचा गिअर घ्यावा व मुक्कामी पोहोचल्यावर टायमिंग तपासून घ्यावे.