शनिवारी खोलीत बसू नकोस

सई, ॲन आर्बरला निघालीयस, तर एक गोष्ट आत्ताच कानावर घालते. सप्टेंबर ते नोव्हेंबर, मिशिगन विद्यापीठाचा घरचा सामना असेल त्या शनिवारी अख्खं गाव अमेरिकन फुटबॉलच्या मागे असतं. त्यांच्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून पुस्तकात डोकं घालून बसू नकोस. चार ओळखी होतील त्या तिथेच.

नियमांचं दडपण घेऊ नकोस. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. अंतर मोजायला कडेला माणसं खरोखरची साखळी घेऊन उभी असतात, शेताची मोजणी चालल्यासारखी. चेंडू घेऊन पार टोकाला पोचलं की टचडाऊन, सहा गुण. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब धाडतात. एखादा संघ तसं न करता तेव्हाही पुढे घुसायला निघाला, की सगळे उठून उभे राहतात. एवढं कळलं तरी बास. खेळ साठ मिनिटांचा, पण घड्याळ सारखं थांबतं, तीन-साडेतीन तास सहज जातात. तेव्हा नीट जेवून जा.

आणि कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटशी सामना असेल त्या आठवड्यात लाल कपडे चुकूनही घालू नकोस, तो त्यांचा रंग! तिकडे त्यांच्या कोलंबसला तर त्या दिवसांत कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या प्रत्येक ‘एम’वर, म्हणजे मिशिगनच्या अक्षरावर, लाल पट्टीची फुली मारतात.

आता पैशाचं. पूर्वी खेळाडूला फी, राहणं-खाणं आणि किरकोळ भत्ता, एवढंच मिळायचं. 2021 पासून त्याला स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येतं. जून 2025 मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या दाव्यातली एक तडजोड मंजूर केली. तेव्हापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसावं लागे, तेही आता गेलं.

जुनी मंडळी हळहळतात, ‘पूर्वी पोरं कॉलेजच्या प्रेमापोटी खेळायची.’ ऐकून घे, पण लगेच मान डोलवू नकोस. तेव्हाही प्रशिक्षक लाखो डॉलर घरी नेत होते आणि टीव्हीवाल्यांचे करार होतच होते. हात रिकामे होते ते फक्त गुडघा मोडून घेणाऱ्या पोराचे.

मला खटकतं ते निराळंच. टीव्हीच्या पैशामागे धावताना कॉलेजांनी नकाशाच गुंडाळून ठेवला. 2024 पासून लॉस एंजेलिसचं यूसीएलए मिशिगनच्या गटात आहे. स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या बाजूला, आणि खेळतं अटलांटिक कोस्टच्या गटात. फुटबॉलवाल्यांचा सामना आठवड्याला एकच, त्यांचं निभतं. व्हॉलीबॉल-सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय? त्यांचे सामने कितीतरी जास्त, त्यातले बरेच ऐन कॉलेजच्या दिवसांत. विमानतळावर लॅपटॉप उघडून अभ्यास करायचा.

उद्या तू टीए, म्हणजे शिकवण्यातली सहायक, होशील. अशी एखादी मुलगी असाइनमेंट उशिरा घेऊन आली, तर आधी तिचं सामन्यांचं वेळापत्रक विचार. आळशी ठरवायचं का, ते मग बघ.