लोखंडाचा अंगरखा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागड नावाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, सन १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण या सरदाराने तो बांधला. मे महिन्यात या डोंगरावर चढून पाहा. डोक्याला रुमाल बांधला तरी जीव कासावीस होतो. अशा उन्हात अंगावर लोखंड घालून लढायचे म्हणजे काय, याचा विचार करा!

एका मुलाने मला विचारले, "सर, चित्रात युरोपचे सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात असतात. आपले सैनिक तसे का नव्हते? आपल्याकडे लोखंड कमी होते का?"

नाही. तेलंगणात होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे. तिकडचे कारागीर त्याच्या तलवारी करीत. म्हणून उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. आठशे वर्षांपूर्वी युरोप आणि आशिया, दोन्हीकडचे चिलखत बरेचसे सारखे होते. लोखंडाच्या हजारो बारीक कड्या एकमेकींत गुंफून सदरा करीत. उर्दूत त्याला 'जिरह' म्हणतात. मराठीतील 'जिरेटोप' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्यात हीच 'जिरह' लपली आहे. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीन येथे सुलतान सलाहुद्दीनच्या सैन्याने युरोपच्या सरदारांना गाठले. अंगावर कड्यांचे चिलखत, वर कडक ऊन आणि पाण्याचा रस्ता बंद! तलवारीआधी तहानेनेच ते निम्मे हरले होते.

पण ऊन हे एकच कारण मानू नये. युरोपचा सरदार लांब भाला काखेत घट्ट धरून घोड्यावरून सरळ चाल करी. समोरूनही तसाच भाला येई. तो जोराचा धक्का अंगावर घेण्यासाठी पत्रा चांगला. चौदाव्या-पंधराव्या शतकात मिलान शहराचे लोहार असे पत्रे घडवू लागले. त्या भागात पाण्याच्या जोरावर चालणारे मोठे हातोडे होते. पूर्ण पोशाखाचे वजन वीस ते पंचवीस किलो भरे. असा सरदार पडला की उठूच शकत नसे, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. वजन सगळ्या अंगावर वाटलेले असल्यामुळे तो उठे, धावे, घोड्यावरही चढे. मात्र त्याच युरोपातले साधे तिरंदाज कापूस भरलेले जाड अंगरखे घालूनच लढत. सर्वांगाला पत्रा परवडणार कोणाला?

आशियातील घोडेस्वार धावत्या घोड्यावरून मागे वळून बाण सोडी. त्यासाठी खांदे आणि हात मोकळे हवेत. म्हणून त्याने कड्यांचे चिलखत सोडले नाही. त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे बांधले. त्याचे नाव 'चार-आईना'. हे नाव तुम्हांला समजावून सांगायला नको! मोगल सरदार ते वापरीत.

मराठ्यांची रीत आणखी निराळी. अचानक छापा घालायचा आणि शत्रू सावध होण्याआधी निघून जायचे. घोडा दमला की सारे संपले. म्हणून बहुतेक स्वारांजवळ कापूस भरून शिवलेला अंगरखा, डोक्याला पागोटे आणि पाठीवर ढाल एवढेच असे. मोठे सरदार तेवढे चिलखत घालीत. घट्ट शिवलेल्या कापसाच्या थरांत तलवारीचा वार अडतो, आणि फाटले तर सुई-दोरा पुरतो.

लोखंडी चिलखताच्या आतही कापसाचे अस्तर लागेच. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. त्यांतले एक दुपारी उन्हात ठेवून मग हात लावून पाहा, म्हणजे अस्तर कशाला ते कळेल. संग्रहालयात आपल्याला बहुधा नुसते लोखंड दिसते. कापूस कुजून गेला, लोखंड राहिले. साध्या स्वाराचा अंगरखा तर सगळाच कापसाचा होता, म्हणून तो क्वचितच पाहायला मिळतो.