श्रीरामपूरची मराठी : मिशनरी अध्ययनातील गुरू आणि शिष्य

ख्रिस्ती मिशनकार्याचे शिक्षण देणाऱ्या भारतातील महाविद्यालयांचा इतिहास बहुधा एकाच बाजूने लिहिला जातो. त्यात मिशनरी हा गुरू असतो आणि एतद्देशीय हा शिष्य. भाषेच्या वर्गात मात्र हे नाते उलटे होते. परक्या समाजात धर्मसेवा करू इच्छिणाऱ्यास प्रथम त्या समाजातील कोणापुढे तरी विद्यार्थी म्हणून बसावे लागे. आणि मराठीपुरते पाहिले तर या विद्यार्थिदशेतून निर्माण झालेली पुस्तके मुद्रित मराठी गद्याच्या आरंभकाळातील महत्त्वाची साधने ठरतात.

विल्यम कॅरी जानेवारी १८०० मध्ये श्रीरामपुरास आला. (हे श्रीरामपूर हुगळीकाठचे; अहमदनगरकडचे नव्हे.) कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांस मज्जाव असल्याने डेन्मार्कच्या ताब्यातील या गावाचा आश्रय त्याने घेतला. १८०१ पासून तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. तेथील विद्यार्थी कंपनीचे तरुण मुलकी अधिकारी होते. बंगाली व संस्कृत यांच्या जोडीस पुढे मराठीही त्याच्याकडे आली. अशा रीतीने एकाच मराठीच्या अभ्यासातून राज्यकारभार आणि धर्मप्रसार अशी दोन प्रयोजने साधली जाऊ लागली. १८०५ साली श्रीरामपुरास कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्याच वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतरही निघाले, हा योगायोग खचितच नव्हे.

कॅरीला ही मराठी कोणी शिकविली? व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्याने कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्याचा निर्देश केला आहे. मुखपृष्ठावर मात्र कॅरी एकटाच आहे. व्याकरणास नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. नियम सांगून झाल्यावर बोलणे शिकवावे लागते, ही जाण त्यात दिसते. आणि बोलणे हा तर पंडिताचा प्रांत. १८१० चा कोश मोडीत छापला, ही निवडही मार्मिक होती. पोथी बाळबोधीत असली तरी पत्र, हिशेब आणि दप्तर मोडीतच चाले. वैजनाथांच्या नावावरील ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) ही याच वर्गासाठी सिद्ध झालेली पाठ्यपुस्तके होत. त्यांकडे केवळ दोषदृष्टीने पाहण्याची वाङ्मयेतिहासकारांची रीत अन्यायाची आहे. पाठ्यपुस्तकाचे मोजमाप ललितकृतीच्या मापाने कसे करणार?

दोष होता तो अन्यत्र. कलकत्त्यात मराठी बोलणारा समाज शिकणाऱ्याच्या भोवती नव्हता. दोन-चार पंडितांची भाषा हीच त्याच्यापुरती अवघी मराठी होती. १८११ साली नवा करार मराठीत निघाला. परंतु १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस तो तेथील लोकांकरिता उपयोगी पडला नाही. त्यांनी मुंबईच्या वस्तीत राहून मराठी आत्मसात केली आणि आपले स्वतंत्र भाषांतर १८२६ साली छापले. व्याकरण वर्गात बसून शिकता येते; कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे वर्गात कळत नाही.

१८१८ मध्ये कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी श्रीरामपूर कॉलेज काढले, तेव्हा योजनेत पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान ही दोन्ही होती, आणि प्रवेश केवळ ख्रिस्ती मुलांपुरता नव्हता. ख्रिस्ती उपदेशकास संस्कृत यावे, हा आग्रह त्या काळात धाडसाचा होता. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदव्यांचा अधिकार दिला. ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या मात्र १९१५ साली दिल्या गेल्या. १९१८ च्या कायद्याने या व्यवस्थेस नवी घडी बसली. त्या पदव्यांचे माध्यम मुख्यतः इंग्रजी राहिले. ज्या संस्थेचा पाया देशी भाषांवर घातला गेला, तिच्या पदवीधरास आपल्याच भाषेतील ख्रिस्ती वाङ्मय अभ्यासक्रमाबाहेर शोधावे लागावे, ही विसंगती लहान नव्हे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ मिशनच्या इतिहासात घटना म्हणून येते. त्याची ओवी वाचणारे वाङ्मयाच्या वर्गात असतात. दोन्ही वर्गांच्या हाती अर्धेच पुस्तक लागते.

या पार्श्वभूमीवर अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) उदाहरण वेगळे उठून दिसते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापक झाले. येथे वैजनाथांच्या जागी बसलेला मनुष्य पडद्याआड नव्हता. तो मराठीचा मान्यताप्राप्त कवी होता. उपदेशकाने अभंग रचावा, कीर्तनास उभे राहावे, हे त्यांनी स्वतःच्या आचरणाने शिकविले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतनही सोडले. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या कोणत्याही महाविद्यालयात शिकलेल्या नव्हत्या.